मला आता बढती नको

मी बोलतेय, सिनेमातली लष्करी वर्दी. बिचकू नका. मी कधी खरी लढाई पाहिलेली नाही. माझ्यावर सांडलेलं रक्तसुद्धा साखरेच्या पाकात रंग कालवून केलेलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातली मी.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत मास्टरांनी मला शिवलं. मास्टर म्हणजे तिथले शिंपीकाका. त्यांनी माझ्या खांद्यांवर आणि बाहीवर टिचबटणं बसवली. हुद्द्याची चिन्हं दाबून लावायची, ओढून काढायची. त्यामुळे मी सकाळी शिपाई असायची आणि जेवणानंतर कर्नल! एवढी झटपट बढती कोणत्या सैन्यात मिळते? मला तर सगळी गंमतच वाटायची.

मग सीमेवर लढताना गेलेल्या एका जवानावरचा सिनेमा आला. तो होता हवालदार, बाहीवर तीन फिती. पण दिग्दर्शक म्हणाले, "हिरो आणि नुसता हवालदार? छे! मेजर करा त्याला. लोकांचा ऊर भरून आला पाहिजे."

मास्टरांनी फिती ओढून काढल्या, खांद्यावर पितळी चिन्ह दाबलं. झाला मेजर!

त्या दिवशी शूटिंग पाहायला जवानाच्या वडिलांना बोलावलं होतं. शिपाई म्हणून भरती झालेले आणि कप्तान होऊन निवृत्त झालेले. आपली जुनी लष्करी टोपी घालून आले होते. हिरो मला घालून समोर आला. त्यांनी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या खांद्याकडे. खुर्चीचा हात धरून ते उठले, ताठ झाले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला.

माझ्या धाग्याधाग्यातून शहारा गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दिग्दर्शकांचे डोळे भरून आले. "बाप मुलाच्या हौतात्म्याला सलाम करतोय! कॅमेरा आणा रे, हे पुन्हा घेऊ!"

"तसं नाही हो साहेब," कप्तान म्हणाले. "समोर मेजर आला की कप्तानानं सॅल्यूट करायचा असतो. तो मी केला."

दिग्दर्शकांनी कॅमेऱ्यासाठी उचललेला हात खाली घेतला.

"माझा पोरगा हवालदार होता. सुट्टीवर आला की दारातच पिशवी खाली ठेवून मला सॅल्यूट ठोकायचा. मी 'विश्राम' म्हटलं की मग कुठे पठ्ठ्या गळ्यात पडायचा. त्याची आई वैतागायची, म्हणायची, हे घर आहे की बराक?" ते हसले आणि डोक्यावरची टोपी नीट केली. "पडद्यावर का होईना, पोरगा एकदा तसा दारात दिसेल, म्हणून एवढ्या लांब आलो. तुम्ही त्याला मोठं केलंत, उपकार झाले. पण मेजर मला कशाला सॅल्यूट करील?"

हिरोने स्वतःच्या हाताने माझं पितळी चिन्ह ओढून काढलं. "मास्टर, फिती द्या." मास्टरांनी बाहीवरची टिचबटणं उसवून टाकली आणि तिन्ही फिती सुईदोऱ्याने पक्क्या शिवल्या.  दिग्दर्शकांनी कॅमेरा तेवढा बंद करायला सांगितला.

सेटवरच्या प्लायवूडच्या दारात हिरो उभा राहिला. पिशवी खाली ठेवली, टाचा जुळवल्या, सॅल्यूट केला. कप्तानांनीही हात कपाळाशी नेला, पण तो खाली येईना. त्यांचा येईना म्हणून हिरोचाही येईना. कितीतरी वेळाने ते पुटपुटले, "विश्राम," आणि माझ्या छातीवर डोकं टेकून रडले. रंग नि पाक मी पुष्कळ प्यायले होते. खरं काही माझ्यावर पहिल्यांदाच सांडत होतं. आपण नुसतं कापड आहोत, हे मी त्या घटकेला विसरले.

सिनेमा हवालदाराचाच झाला. लोकांचा ऊर भरून आला म्हणे.

आता मी खुंटीवर असते. परवा कुणाला तरी जनरल हवा होता. मास्टर कात्री घेऊन माझ्याजवळ आले, फितींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही नको, दुसरी बघू."

माझ्या शेजारी दोन जनरल लटकतात. त्यांच्यापुढे मी लहानच. पण माझ्यातून आलेला सॅल्यूट एका बापाने घेतलाय. मायबाप प्रेक्षकहो, उद्या मास्टर नसतील, तेव्हा तुम्हीच सांगा कुणाला तरी: हिला बढती देऊ नका.