गल्लीच्या मधोमध गेलेली हद्द

गेले चार महिने माझ्या डोक्यात एकच खूळ आहे आणि घरच्यांनी माझ्यापुढे हात टेकले आहेत. गोऱ्यांच्या राजवटीत आमच्या शहराबाहेर एक ग्रामीण मतदारसंघ होता. एकसष्ट गावं, दोन नद्या, तीन निवडणुका आणि बारा वर्षांचं आयुष्य, एवढाच त्याचा संसार. मग कुणा साहेबाने एका सहीसरशी तो शेजारच्या मतदारसंघात मिसळून टाकला आणि पुढे त्याला कुत्रंही विचारेना. मी नकाशा कचेरीत आरेखक आहे. प्रदर्शनासाठी त्या मतदारसंघाचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आमच्या साहेबांना वाटलं, आठवड्याभराचं काम आहे. मला वाटलं, घबाड मिळालं!

जुना नकाशा वाळवीने खाल्लेला. उरलं होतं ते हद्दीचं शब्दांतलं वर्णन, तेही सुट्या पानांत विखुरलेलं. ‘जळक्या गिरणीपासून उत्तरेस अठरा साखळ्या, तेथून दुभंगलेल्या खडकापर्यंत.’ साखळी म्हणजे मोजणीचं जुनं माप, ते मला ठाऊक; पण गिरणी कुठली आणि खडक कुठला! मी मोजायची फीत घेऊन उन्हातान्हात वणवण फिरले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून विचारून भंडावून सोडलं. दुभंगलेल्या खडकाचं बूड मला पेट्रोल पंपाच्या मागे सापडलं, तेव्हा मी तिथेच टाळ्या वाजवल्या. पंपावरच्या माणसाने मला आधी पाणी दिलं, मग बसायला खुर्ची दिली.

पण खरं सांगायचं तर यात माझा स्वार्थ होता. त्या मतदारसंघाच्या पहिल्याच निवडणुकीत माझे पणजोबा उभे होते आणि एका मताने पडले. दोनशे अकरा विरुद्ध दोनशे दहा. आमच्या घरात मुलं पाढ्यांच्या आधी हे आकडे शिकतात. अजून एक मत पडलं असतं तर बरोबरी झाली असती, चिठ्ठी टाकली असती, आणि चिठ्ठी पणजोबांचीच निघाली असती याबद्दल आमच्याकडे कुणाच्या मनात तिळमात्र शंका नाही. ते एक मत कुणाचं राहिलं, हेही सगळ्यांना पाठ. समोरच्या घरातल्या रंगाऱ्याचं. पणजोबांचा जिवलग मित्र, आणि ऐन मतदानाच्या दिवशी घरी बसला! त्या दिवसापासून दोन घरांत विस्तव जात नाही.

आणि त्याच रंगाऱ्याच्या नातवाशी माझ्या आत्याने लग्न केलं. त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. बाबांनी त्या दिवशी गल्लीकडची खिडकी लावून घेतली आणि सख्ख्या धाकट्या बहिणीशी पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. मधली गल्ली केवढी? अकरा फूट. मी मोजली आहे.

मागच्या वर्षी आत्याचे यजमान गेले. आता घर विकलं आणि तिचा मुलगा तिला घेऊन परदेशी निघाला. गुरुवारी तीन वाजता दारातून विमानतळाची गाडी. तिचे गुडघे असे, की पुन्हा येण्याचं नावच नको. मी बाबांशी कडाकडा भांडले.

‘‘अहो, जन्माची ताटातूट आहे! उंबऱ्यापर्यंत तरी जा.’’

‘‘दगाबाजांच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही.’’

‘‘आत्याने काय दगा केला?’’

‘‘तिने घर निवडलं.’’ मग मलाच खिजवायला म्हणाले, ‘‘तू एवढी कागदांची राणी ना? रंगारी दगाबाज नव्हता, असा कागद आण. मी स्वतः जाईन. शब्द आहे माझा.’’

बाबा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि हट्टही त्याच दगडाचा. तेव्हापासून माझी झोप उडाली ती उडालीच.

गुरुवारी दुपारी सव्वा वाजता मी अभिलेख खोलीत शेवटचा गठ्ठा सोडला. तिथल्या रखवालदाराला आम्ही ‘कुलूप’ म्हणतो, कारण त्याचं कपाटही सहजासहजी उघडत नाही आणि तोंडही. गठ्ठ्यात काय निघावं? पहिल्या निवडणुकीची मतदार यादी, प्रत्यक्ष मतदान केंद्रावर वापरलेली! मत देऊन गेलेल्या प्रत्येकाच्या नावावर कारकुनाने आडवी रेघ ओढलेली. आणि यादीला टाचलेलं हद्दीच्या वर्णनाचं हरवलेलं शेवटचं पान. ‘तेथून रंगाऱ्याच्या गल्लीच्या मधोमध. पूर्वेकडील घरे ग्रामीण मतदारसंघात. पश्चिमेकडील घरे नगरपालिकेत, सबब या मतदारसंघात नाहीत.’

मी ते तीनदा वाचलं. आमचं घर पूर्वेला. आत्याचं पश्चिमेला! म्हणजे रंगारी ग्रामीण मतदार नव्हताच. अडतीस पानं मी बोट फिरवत पालथी घातली, त्याचं नाव कुठेही नाही. त्याला पणजोबांना मत द्यायचं असतं, तरी देता आलं नसतं! मी ओरडले. खरंच ओरडले. कुलूप स्टुलावरून उठून उभा राहिला.

‘‘काय चावलं?’’

‘‘मला नक्कल हवी. शिक्क्यानिशी. आत्ता!’’

‘‘अर्ज करा. आठ दिवसांनी या.’’

मी त्याला एका दमात सगळं सांगितलं. आत्या, खिडकी, अकरा फूट, तीनची गाडी. त्याने पुन्हा कोऱ्या अर्जांकडे बोट दाखवलं. मग त्याने हळूच खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, शिक्का बाहेर काढला आणि म्हणाला, ‘‘माझा भाऊ गेला तेव्हा आमचा अबोलाच होता. अर्ज उद्या द्या.’’ त्याच्या सगळ्या पानांच्या नकला काढून, शिक्के मारून होईपर्यंत मी दारात येरझारा घालत होते.

रिक्षा मिळेना तेव्हा मी धावत सुटले. पन्नाशीच्या बाईने भर रस्त्यात कागद छातीशी धरून पळावं, लोकांनी बघावं, बघोत बापडे! घरी पोचले तेव्हा दोन पंचवीस झाले होते. समोर गाडी लागलेली, आतेभाऊ बॅगा चढवत होता.

‘‘बाबा, कागद!’’

त्यांनी आधी शिक्का तपासला. मग भिंग घेऊन हद्दीचं पान वाचलं, अगदी सावकाश. मी एका पायावर उभी. वाचून झाल्यावर त्यांनी लावलेल्या खिडकीकडे पाहिलं. गल्ली कुठून कुठे जाते, हे ते पहिल्यांदाच ठरवत असावेत, असं मला वाटलं.

‘‘पण मग सगळं गाव कसं म्हणालं, की त्याचं मत राहिलं?’’

‘‘हद्द कागदावर होती, बाबा. गल्लीत कुणी चुन्याने आखली होती थोडीच!’’

‘‘यादी दे.’’

‘‘अहो, मी बघितली आहे. त्याचं नाव नाही. उठा आता!’’

पण सारा जन्म हजेरीपटाशी काढलेला माणूस. यादी हातात आली, की शेवटपर्यंत बघणारच. भिंग पानावरून सरकत राहिलं आणि विसाव्या पानावर थांबलं ते थांबलंच. मी वाकून पाहिलं. तिथे पणजोबांचं नाव होतं. वरच्या नावावर रेघ, खालच्या नावावर रेघ. पणजोबांच्या नावावर रेघ नव्हती.

मी मघाशी रंगाऱ्याला शोधत होते. आपल्या माणसाकडे कोण बघतं?

त्यांना यादी मिटता आली असती. मी बघितलेलं त्यांना कळलंही नव्हतं. पण बाबांनी शाळेत वाचावं तसं ते नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, ‘‘गैरहजर.’’

मग ते उठले आणि चपला न घालताच निघाले. मी मागे धावले. अकरा फूट त्यांनी चार पावलांत पार केले आणि आत्याच्या रिकाम्या खोलीत जाऊन उभे राहिले. आत्या एका बॅगेची चेन ओढत होती. ती तशीच वाकलेली राहिली.

‘‘भिंगरी,’’ बाबा म्हणाले. हे तिचं लहानपणचं नाव मी प्रथमच ऐकलं. ‘‘तुमच्या रंगाऱ्याचं मत नव्हतंच. आपल्या आजोबांचं राहिलं. स्वतःचंच.’’

‘‘हो,’’ आत्या म्हणाली. ‘‘दिवसभर मतदान केंद्राच्या दारात उभं राहून इतरांना आत पाठवत होते. गाड्या जुंपून दिल्या, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणलं. पाच वाजता दार बंद झालं तेव्हा आठवलं, की आपण आत गेलोच नाही. लाजेने मेल्यासारखे झाले. माझ्या आजेसासऱ्यांकडे आले आणि म्हणाले, आजचा दिवस तुझ्या नावावर खपव, उद्या मी सगळ्यांना खरं सांगतो. तो उद्या काही उजाडला नाही. मित्राला हसतील, म्हणून आजेसासरेही गप्प राहिले.’’

‘‘तुला माहीत होतं?’’ बाबांचा आवाज चढला. ‘‘कधीपासून?’’

‘‘लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं.’’

‘‘चव्वेचाळीस वर्षं! मग मला का नाही सांगितलंस?’’

आत्या सावकाश सरळ झाली.

‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘तू बोलत होतास कुठे?’’

बाबा समोरच्या बॅगेवर मटकन बसले आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडू लागले. मीही रडत होते, आणि इतका आनंद झाला होता की हसतही होते. बाहेरून आतेभाऊ हाका मारत होता. आत्याने त्याला हातानेच गप्प केलं आणि ती बाबांच्या शेजारी बसली. गाडी निघायला वीस मिनिटं होती.