कडुलिंबाखालचा कागद

आमच्या वाडीतल्या ख्रिस्ती देवळाची घंटा मी वाजवते. सोळा वर्षं झाली. दोर कुठे गुळगुळीत झालाय, कुठे हाताला टोचतो, हे मला माझ्या सुनेच्या स्वभावापेक्षा जास्त ठाऊक आहे. सून अजून यायची आहे, हेही त्याचं एक कारण.

वाडी मिरजगावापासून चार कोसांवर. देऊळ बेताचंच. दगडी भिंती, वर पत्रा, पत्र्यावर लाकडी क्रूस आणि दारासमोर एक जुनं कडुलिंब. शिनगारे पाळक आमचे. नगरचे मिशनचे साहेब वर्षातून एकदा येऊन चहा पिऊन जात. बाकी वर्षभर देऊळ आम्हीच चालवत होतो. पाळकांना ज्वारी आम्ही देत होतो आणि भांडणंही आम्हीच देत होतो.

काही ठरवायचं झालं की आमच्यात एक चाल आहे. उपासना संपली की सगळ्यांनी डोळे मिटायचे. पाळक प्रश्न विचारणार, ज्याला पटेल त्यानं हात वर करायचा. बायकांचाही हात मोजतात. डोळे मिटायचे कशाला? तर वाडी लहान. सासूच्या देखत सुनेचा हात वर होत नाही आणि मुकादमाच्या देखत त्याच्या हाताखालच्या गड्याचा होत नाही. उघडे डोळे फक्त पाळकांचे. कुणाचा हात कुठे होता ते त्यांनी कधी बोलायचं नाही, आणि ते बोललेही नाहीत. एकदा सोडून.

बेचाळीस साली, लढाई चालू असताना, मामलेदार कचेरीतून एक कागद आला. सरकारच्या फौजेला जय मिळावा म्हणून करायची प्रार्थना त्यात लिहून दिली होती, आणि खाली दोन ओळी भरतीच्या. रविवारी पुलपिटावरून, म्हणजे पाळक जिथून उपदेश करतात तिथून, वाचा, असा हुकूम. पाळक म्हणाले, "प्रार्थना कचेरीतून लिहून येत नसते. कागद वाचू, पण बाहेर, लिंबाखाली. आत नाही. तुमचं काय म्हणणं?"

माझा सहादेव तेव्हा फौजेची लॉरी घेऊन मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात होता. मला सरकारचं काय पडलं होतं! पण सरकार जिंकलं तर माझं पोर घरी येणार, एवढं मला कळत होतं. "आत वाचावं म्हणणाऱ्यांनी हात वर करा," पाळक म्हणाले. मी डोळे घट्ट मिटून हात वर केला. थोड्या वेळानं पाळक म्हणाले, "ठरलं. बाहेर."

त्या 'बाहेर'पायी पाळकांना दोन दिवस कचेरीच्या ओट्यावर बसवून ठेवलं. कुणी पाणी विचारलं नाही. ते परत आले नि काही झालंच नाही असे दाढी करायला बसले. मला मात्र त्यांचा राग गेला नाही. तीन रविवार मी घंटा अशी ओढली, की शेजारचा चांदभाई धावत आला, "भाभी, आग लागली का कुटं?" म्हणून.

पाळक दर रविवारी सहादेवचं नाव घेऊन प्रार्थना करत. आणि पुढे म्हणत, "त्याच्या समोर जो कोणी बंदूक धरून उभा असेल, त्याच्याही आईला धीर दे." माझा तिळपापड व्हायचा. समोरच्याच्या आईचं तिच्या गावच्या पाळकानं बघावं की! पण वर्षभर ऐकून ऐकून ती बाई माझ्या डोळ्यांपुढे यायला लागली. माझ्याच वयाची, कुठेतरी चुलीपुढे बसलेली. एका रविवारी तिच्यासाठी माझ्याच तोंडून 'आमेन' निघून गेलं. माझं मलाच नवल वाटलं.

सेहेचाळीस साली सहादेव धडधाकट परत आला. लॉरी चालवता येत होती, पण लॉरी नव्हती. मुलगी बघून ठेवली होती. तिचा बाप म्हणाला, नोकरीचं काहीतरी होऊ द्या, मग बोलू. कचेरीत शिपायाची जागा होती. अर्ज सर्कलकडे दिला होता.

हे सर्कल, आसपासच्या गावांवरचे महसुलाचे अंमलदार, म्हणजे शामकांतराव. माणूस वाईट नव्हता. उत्साही होता, आणि उत्साही माणसाचं दुसऱ्याला ओझं होतं ते त्याला कळत नाही. सत्तेचाळीसच्या ऑगस्टात, दहा तारखेच्या रविवारी, उपासना संपता संपता त्यांची सायकल दारात आली. बगलेत नवा कोरा तिरंगा, हातात सरकारी संदेशाचा कागद.

"शिनगारे, शुक्रवारी स्वातंत्र्य येतंय! सकाळी घंटा वाजवायची, झेंडा वर क्रुसाला बांधायचा आणि हा कागद आत पुलपिटावरून वाचायचा. माझ्या सगळ्या गावांत मी असंच ठरवलंय." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि तुमच्या लोकांना काय म्हणतात, ऐकता ना? साहेबाच्या ताटाखालची मांजरं. एकदा क्रुसावर झेंडा दिसला की तोंडं बंद होतील." एवढ्यात त्यांना मी दिसले. "बनुबाई, शुक्रवारी मामलेदारसाहेबांना इथं आणतो. पोराच्या अर्जावर तिथल्या तिथं सही घेऊन टाकू."

पाळकांनी झेंडा हातात घेतला. कापडावरून त्यांनी हात फिरवला, जसा बारशाच्या मुलावरून फिरवतात. "ह्या दिवसासाठी किती वर्षं…" म्हणाले. कागद घेऊन ते थेट पुलपिटाकडे निघाले, लोकांना तिथूनच सांगायला.

मी दोरापाशी उभी होते. गप्प बसले असते तर शिपायाची जागा होती, सून होती. तोंड माझ्या आधी उघडलं.

"पाळकसाहेब, बेचाळीसला तुमी काय म्हनला हुता?"

ते थांबले. जवळ येऊन हळू म्हणाले, "बनुबाई, ते परक्यांचं सरकार होतं. हे आपलं."

"आपलं हाय म्हनून तर भ्या वाटतं. परक्याला दारात थांबवता येतं. आपल्या मानसाला नको म्हनायला जीभ उचलत न्हाई. आन् एकदा आत आलं, की पुढचा कागद कसला यील कुनाला ठावं?"

पाळकांनी मागे वळून सर्कलकडे बघितलं. मग इतकं हळू बोलले की मलाच जेमतेम ऐकू आलं. "बेचाळीसला आत वाचा म्हणून तुमचा एकटीचा हात वर होता."

माझे कान तापले. पाच वर्षं मी समजत होते, निदान पाचसहा हात तरी असतील.

"एकटीचा?"

"एकटीचा."

"मग हरले ते लई ब्येस झालं," मी म्हणाले. "जय कुनाला मागायचा ते कचेरीनं लिवून दिलं असतं, तर त्या समोरच्याच्या आईचं नाव तुमी कुठनं घेतलं असतं?"

पाळकांनी कागदाची घडी केली. सर्कलपाशी जाऊन म्हणाले, "लोकांना विचारावं लागेल, रावसाहेब."

"यात विचारायचं काय? स्वातंत्र्य काय हात मोजून घेतात?"

"आमच्यात घंटा किती वाजता वाजवायची तेसुद्धा हात मोजून ठरतं."

"तरीबी बनुबाई आपली पाव घंटा आधीच वाजवती," मागच्या ओळीतला आमचा छगन म्हणाला. लोक हसले. सर्कल हसले नाहीत. बाकावर बसले.

"डोळे मिटा," पाळक म्हणाले. "रावसाहेब, आपणही."

"मी?"

"आत बसलात ना."

शामकांतरावांनी डोळे मिटले. पाळकांनी दोन्ही बाजू सरळ सांगितल्या. कागद पुलपिटावरून वाचायचा आणि झेंडा क्रुसावर लावायचा, ही एक. दोन्ही गोष्टी बाहेर, लिंबाखाली करायच्या, ही दुसरी. बाजू मांडताना त्यांचा आवाज पहिलीकडे झुकत होता, त्यांनी तो ओढून सरळ धरला. "बाहेर म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

मी हात वर केला. सहादेवला विचारलं नव्हतं. त्याची नोकरी, त्याचं लग्न, आणि हात माझा. सोळा वर्षांत केलं नव्हतं ते तेव्हा केलं. एक डोळा उघडला.

पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत सहादेव बसला होता. डोळे मिटलेले, हात वर, परेडीत असावा तसा ताठ.

नजर वळवली तर बाकावर शामकांतरावांचाही एक डोळा उघडा. आम्ही दोघं चोर एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यांनी सहादेवच्या हाताकडे पाहिलं, पुरेसा वेळ पाहिलं, आणि डोळा मिटून घेतला.

"ठरलं," पाळक म्हणाले. "बाहेर."

घरी जाताना मी म्हणाले, "अर्ज गेला रं बाबा."

"का? मी कुठं काय केलं?"

"हात वर केला न्हवं का तू."

सहादेव रस्त्यात थांबला. "आये, तुझं डोळं मिटलेलं हुतं ना?"

"हुतं की."

"मंग?"

मी पदर सारखा केला आणि पुढे चालायला लागले. तो मागून बराच वेळ हसत होता.

शुक्रवारी घंटा मी वाजवली. कुणी सांगितलं म्हणून नाही, हाताला राहवेना म्हणून. चांदभाईनं बांबू आणला, झेंडा लिंबाशेजारी उभा राहिला. आणि एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. देवळाच्या आत गावचं कोण आलं असतं? आमची पंचवीस घरं. लिंबाखाली अख्खा गाव आला. ज्यांनी जन्मात आमच्या उंबऱ्याकडे बघितलं नव्हतं ते गावच्या देवळातले गुरव आमच्याच सतरंजीच्या कडेला टेकले. पाळकांनी कागद वाचला. तिसऱ्या ओळीला त्यांचे डोळे वाहायला लागले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. शामकांतराव उन्हात उभे होते. मामलेदारांना त्यांनी आणलं नव्हतं.

अर्ज अजून त्यांच्या दप्तरातच आहे. सहादेव चांदभाईची गाडी घेऊन बाजाराच्या दिवशी मिरजगावला जातो. बैलांना तो लॉरीसारखे हुकूम देतो, बैल ऐकत नाहीत. मुलीचा बाप म्हणतो, बघू. 'बघू' म्हणजे नाही नव्हे, असं मी मनाला सांगते.

त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी पाळकांनी नव्या सरकारसाठी प्रार्थना केली. कागदावरची नव्हे, त्यांची स्वतःची. "आज जे खुर्चीवर बसले आहेत त्यांना शहाणपण दे. खुर्चीवरून एक दिवस उठायचं असतं, याची त्यांना आठवण दे." मग जरा थांबून म्हणाले, "आणि आमच्या शामकांतरावांना, त्यांच्या घरच्यांना, सुखी ठेव."

सगळे 'आमेन' म्हणाले. पुरुषांच्या बाजूनं सहादेवचा आवाज मला वेगळा ऐकू आला, स्वच्छ.

माझं 'आमेन' जरा मागे राहिलं. पण निघालं.