नऊ दात्यांचा स्टार्टर

जळलेला स्टार्टर तिने काउंटरवर असा आपटला की दुकानदाराचा चहा हिंदकळला. गाडी सकाळपासून नुसती कण्हत होती आणि बाराला वडिलांना डायलिसिसला न्यायचं होतं.

"मॉडेल कळलं, बाई. हा घ्या," त्याने बंद खोका पुढे सरकवला. "शंका असेल तर मिस्टरांना पाठवा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे दिराच्या गाडीसाठी मिस्टर आणि दीर याच काउंटरवर आले होते. मॉडेल सांगितलं, खोका न उघडता घेऊन गेले. तीन महिन्यांत दाते न जुळणाऱ्या त्या स्टार्टरने इंजिनच्या चाकाचे दाते खाऊन टाकले. दोन शहाणे आणि अक्कल शून्य!

तिने खोका फाडला. नवा स्टार्टर जुन्याशेजारी ठेवला.

"दोन्हींचे दाते मोजा."

"मी काय दातांचा डॉक्टर आहे?"

"दहापर्यंत आकडे येतात ना? मग मोजा!"

त्याने मोजले. जुन्याला नऊ, नव्याला दहा.

"एकाने काय फरक पडतो, बाई?"

"तुमचा समोरचा एक पाडते, मग सांगा फरक!"

मागे उभं असलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. दुकानदार शिडी चढला आणि धुळकट खोका घेऊन उतरला. नऊ दाते. बोल्टची भोकं जुन्याशी जुळली. तरी तिने बॅटरीला जोडून फिरवायला लावलाच. स्टार्टर झर्रकन फिरला.

तिने फोन लावला. "बाबा, कपडे करून बसा. स्टार्टर बसवते आणि निघतेच."