भरलेली कळी

वहिनीनं कळी भरून टाकली होती. गुलाबी रेशमानं, टाक्याला टाका जुळवून, अगदी हौसेनं. मी रुमाल उलगडला तेव्हाच ते दिसलं.

अठराव्या शतकातला हा कशिद्याचा रुमाल आमच्या बंगळुरातल्या बसवनगुडीच्या घरात फक्त ओटी भरताना निघतो. काठानं एकच वेल फिरते. तिच्यावरचं कमळ लक्ष्मीचं, डाळिंबाचं फूल लेकराबाळांचं, आणि टोकाची कळी नुसती रेषेची, आत कोरी. कळी म्हणजे यायचं असलेलं मूल. ती भरली की वेल तिथंच संपली, हे अम्मानं आम्हांला लहानपणीच पढवलेलं. यशश्रीवहिनी पुण्याची. तिला हे कुणी सांगितलंच नाही. आम्ही शहाणे तिच्या भरतकामाचं कौतुक करत बसलो.

"मला वाटलं दोरा झिजून गेलाय," ती म्हणाली. "अम्मांना सरप्राइज म्हणून रिस्टोअर केलं गं."

मी कळीचा अर्थ सांगून बसले आणि लगेच जीभ चावली. वहिनीला सातवा महिना होता. मागच्या खेपेला चौथ्यातच सगळं संपलं होतं. तिचा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला.

"मी असलं काही मानत नाही," ती म्हणाली. मग रुमाल माझ्याकडे सरकवला. "आश्लेषा, काढ ना ते. प्लीज, आधी काढ."

बाहेर वहिनीची ओटी भरायला बायका जमल्या होत्या. अम्मा रुमाल मागत होती. "स्वल्प थांब!" मी ओरडले, दाराला कडी घातली आणि नखं कापायची कात्री घेतली. कापड इतकं जुनं की जरा ओढलं तरी फाटलं असतं. एक टाका कापून चिमट्यानं उचलला. मग दुसरा. वहिनीचा राग येत होता, स्वतःचा त्याहून जास्त.

"हे बघ," वहिनी एकदम म्हणाली. दोरा निघाला तिथं तिच्या सुईच्या भोकांशेजारी आणखी भोकं होती, जुनी, मळलेली. ही कळी आधीही कुणीतरी भरून उसवली होती.

"आश्लेषा, कडी काढ!" अम्मानं दार ठोठावलं.

काढावीच लागली. अम्मानं रुमाल पाहिला, वहिनीचा चेहरा पाहिला आणि माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

"माझा दोरा हिरवा होता," ती म्हणाली. "सासूबाईंनी बघायच्या आत उसवला. रडत रडत."

मला संतापच आला. "मग आम्हांला ते सगळं कशाला पढवलंस?"

"पुन्हा कुणी सुई लावू नये म्हणून. कापड फाटेल ना."

"तेव्हा तुम्हांला... कोण होतं पोटात?" वहिनीनं विचारलं.

तेवढ्यात श्रीहरीअण्णा, माझा सहा फुटी भाऊ आणि वहिनीचा नवरा, दारात डोकावला. "अम्मा, कॉफीची पूड कुठंय?"

"हाच," अम्मा म्हणाली, आणि अर्धी गुलाबी कळी तशीच ठेवून तिनं रुमाल वहिनीच्या मांडीवर पसरला.