पहिला नंबर

मित्रांनो, इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एक काळे खोके घरघरत असते. तेच मी, एक जुना राउटर. माझा डावा पंखा खरखरतो, ते मनावर घेऊ नका.

माझे काम वाट निवडण्याचे. इस्पितळातल्या माहितीला इथून बाहेर जायला दोन वाटा आहेत. एक फायबरची, वेगवान. दुसरी गच्चीवरच्या अँटेनाची, संथ, अडीनडीला ठेवलेली. दोन्हीकडचे शेजारी राउटर मला प्रत्येक वाटेचे गुणधर्म कळवतात: पुढचा मुक्काम कुठला, मध्ये कोणाकोणाची नेटवर्क लागतात, त्यांची स्वतःची काही विनंती आहे का. नेटवर्कची यादी जितकी छोटी तितकी वाट बरी. पण त्याआधी मी पाहतो घरच्यांनी, म्हणजे इस्पितळातल्या माझ्या माणसांनी, त्या वाटेला दिलेला पसंतीचा आकडा. ज्या वाटेचा तो मोठा, तीच मी धरतो. मग शेजाऱ्यांनी कितीही कानीकपाळी ओरडावे.

मला बसवले इथले नेटवर्क सांभाळणाऱ्या काकांनी. निवृत्त होताना त्यांनी माझी पाठ थोपटली, "गुणी आहे हा!" त्यांच्या जागी ताई आली. हुशार, पण घाईची. वर्षभर माझी धूळही कोणी पुसली नाही. मग एका सकाळी तिने पसंती नव्याने लिहिली: फायबरला एक, अँटेनाला दोन. मला दोन मोठा दिसला. सगळी वाहतूक मी गच्चीवर वळवली.

त्याच सकाळी एक रंगारी शिडीवरून पडून आला होता. त्याच्या डोक्याच्या स्कॅनची चित्रे परगावच्या तज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय ऑपरेशन करता येत नव्हते. ती माझ्यातून थेंबथेंब जात होती. फायबर मोकळी पडलेली मला दिसत होती. मला वाईट वाटले, पण आकडा तो आकडा.

डॉक्टरीणबाई दारात आल्या. "अजून वीसच टक्के? अहो, आत रक्तस्राव होतोय त्याला!"

ताईने काकांना फोन लावला. "काका, फायबर चालू आहे, तरी सगळं अँटेनावरून जातंय. मी तर तिला पहिला नंबर दिलाय!"

"अगं, तो नंबर नव्हे, मार्क आहेत! जास्त मार्कवाला पुढे."

"म्हणजे मी तिला एकच मार्क दिला?"

"आणि अँटेनाला दोन. आधी बदल, रडू नंतर."

तिने फायबरला दोनशे दिले. मिनिटभरात चित्रे पोचली. रंगारी वाचला. ताईने माझ्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली: 'इथे नंबर नाही, मार्क.'

दोन महिन्यांनी तोच रंगारी ही खोली रंगवायला आला. माझा पंखा मोकळा सोडून त्याने मला चादरीने झाकले. चिठ्ठी वाचून त्याने विचारले, "कुणाचे मार्क हो, ताई?"

"माझे," ती म्हणाली. "नापास झाले होते."

तो हसला. ती हसली नाही.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा राउटर येतो आहे. मला अडगळीत टाका, तक्रार नाही. पण त्यालाही मनातले वाचता येणार नाही, फक्त लिहिलेले कळेल. तेवढी चिठ्ठी त्याच्या कपाळावर लावा.