चौसष्ट बिटचे फायदे

माझ्या दिराने माझं नाव खोडलं, त्याला चौदा वर्षं झाली. मी एक दिवसही विसरले नाही. मी डूख धरते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पंच्याण्णव साली इंदिरानगरच्या घरात, पोळ्या-भाकऱ्या आटोपून, दुपारच्या दुपार बसून मी एक प्रोग्राम लिहिला. लोखंडी टाक्या बनवणाऱ्या कारखान्यांसाठी होता तो. टाकीचं माप दिलं की पत्रा कुठून कसा कापायचा ते सांगायचा. भंगारात जाणारा पत्रा निम्म्यावर यायचा. उघडला की स्क्रीनवर आधी माझं नाव यायचं, तृप्ती. दिनेशभाऊजी तो अंबडच्या कारखान्यांत दाखवायला घेऊन गेले आणि परत आणला तेव्हा तिथे दिनेश होतं. तयार प्रोग्राममधलं तेवढं नाव कुणाकडून तरी बदलून घेतलं होतं.

"वहिनी, कारखान्यातली माणसं बाईचं नाव बघून हसतात हो," म्हणाले आणि ताट पुढे केलं. मी भाजी वाढली. आमचे हे खाली मान घालून जेवत राहिले.

भाऊजींना एक गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांनी नेला तो नुसता चालणारा प्रोग्राम. मी लिहिलेला मूळ मजकूर, ज्यावरून तो पुन्हा नव्याने बनवता येतो, माझ्या साड्यांच्या कपाटात दोन फ्लॉप्यांवर होता. त्यांनी तो कधी मागितलाच नाही. असं काही असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

प्रोग्राम सोळा बिटचा होता. पुढे बत्तीस बिटची विंडोज आली, तिने त्याला सांभाळून घेतलं. भाऊजी अंबडमध्ये 'दिनेशसाहेब' झाले. मी गंगापूर रोडला कॉम्प्युटरचं दुकान टाकलं आणि वाट बघत बसले.

दोन हजार नऊच्या शेवटी दुकानात चौसष्ट बिटच्या विंडोजचं मशीन आलं. त्यावर मी माझा जुना प्रोग्राम टाकून पाहिला. चालेना. पुन्हा टाकला, तरी चालेना; सोळा बिटचं चौसष्टवर चालतच नाही. भरदुपारी अर्धं शटर ओढून घेतलं आणि एकटीच पोट धरून हसले.

मग अंबडला एकेका कारखान्यात जाऊ लागले. "रावजीशेठ, बत्तीस बिटची विंडोज चार जीबीच्या वर मेमरी वापरतच नाही. तुमचं मोठं ड्रॉइंग म्हणून अडकतं. चौसष्टवर आठ जीबी टाका आणि स्क्रीनवर अख्खी टाकी फिरवून बघा." शेठनी फिरवून बघितली आणि तिथेच चार मशीन सांगितली. मी एक शब्द खोटा बोलले नाही. उलट प्रत्येकाला बजावलं, "जुने प्रोग्राम चालतील का, ते बनवणाऱ्याला आधी विचारा." सगळ्यांनी भाऊजींना विचारलं. भाऊजी छाती काढून म्हणाले, "माझा प्रोग्राम कुठंही चालतो!" मला विचारावंसं त्यांना एकदाही वाटलं नाही.

रावजीशेठकडे मशीन बसवली त्या दिवशी भाऊजी आले, सीडी टाकली आणि घामाघूम झाले. केबिनमध्ये शेठ, दोन फोरमन आणि मी.

"एक जुना कॉम्प्युटर ठेवू या का, शेठ?"

"मंग ही नवी कशाला घेतली? तुमचाच प्रोग्राम हाय ना? बसा अन् द्या नवा करून."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, जरा बाहेर येता?"

"इथेच बोला, भाऊजी."

त्यांनी रुमाल काढला, तोंड पुसलं, परत खिशात ठेवला. मी चौदा वर्षं थांबले होते, त्यांनी चार मिनिटं थांबायला काय हरकत होती?

"शेठ, तो... वहिनींनी लिहिलाय," अखेर ते पुटपुटले.

"काय म्हणाले? नीट बोला," शेठनी दरडावलं.

"वहिनींनी लिहिलाय. मी नाही."

मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. चौसष्ट बिटचा नवा प्रोग्राम महिन्याभरापूर्वीच तयार करून ठेवला होता. मशीनला लावला. स्क्रीनवर नाव आलं, तृप्ती.

मी शेठच्या तोंडाकडे पाहिलं, दोन्ही फोरमनच्या, मग भाऊजींच्या. कुणीही हसलं नाही.