गाठीची केबल

अर्जेंटिनात, मेंडोसाच्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्कशॉपात वर्षानुवर्षं एकच हाक ऐकू यायची, "नेलिदा, इकडे ये गं!" यंत्राचं बोर्ड बिघडलं की मालक ओविदिओला नेलिदाच आठवायची. हल्ली तो नव्याने लागलेल्या यानिनाला हाक मारायचा, आणि दर हाकेला नेलिदाचा नुसता जळफळाट व्हायचा. काल आली आणि डोक्यावर बसली, टवळी!

परवा तर कहर झाला. थंडीने द्राक्षांचे कोंब जळू नयेत म्हणून मळ्यांत इशारा देणारी यंत्रं बसवायची होती. दर वर्षी ओविदिओबरोबर नेलिदा जायची. यंदा तो म्हणाला, "यानिना येईल. नवा बूटलोडर तिनेच लिहिलाय. यानिना, तेवढा यंत्रांच्या बोर्डांवर चढव पोरी, की निघू."

बूटलोडर म्हणजे बोर्ड जागं होताना सगळ्यात आधी चालणारा इवलासा प्रोग्राम. तो यूएसबी केबलने चढवायचा. काही केबलमधून नुसती वीज जाते, माहिती जात नाही. कुणी फसू नये म्हणून अशा केबलला गाठ मारून ठेवायची, ही रीत नेलिदानेच पाडलेली. निघायच्या सकाळी तिने एक गाठ सोडली आणि केबल यानिनाच्या टेबलावर ठेवली.

बोर्डाचा दिवा लागला, पण कॉम्प्युटरला बोर्ड काही दिसेना. यानिनाने रीसेटचं बटण दाबदाब दाबलं. "मेलं वाटतं माझ्या हातून," ती रडवेली झाली.

"होतं असं, पोरी," नेलिदा म्हणाली. आतून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

ओविदिओ गाडीची किल्ली खुळखुळवत आला. "अजून झालं नाही? नेलिदा, तू बघ गं."

तिने आपल्या खणातली केबल लावली. बोर्ड लगेच दिसलं. एकामागून एक सगळी झाली.

"जुनं ते सोनं!" ओविदिओ हसला. "चल, तूच चल. यानिना, तू पुढच्या वर्षी ये."

निघण्याआधी येर्बाच्या कडू चहाचा फेरा झाला. भोपळ्याचा एकच तुंबा सगळ्यांत फिरायचा, तो भरून द्यायचा मान नेलिदाचा. रिकामा तुंबा मुकाट्याने परत केला की तो पुन्हा भरून मिळतो. 'ग्रासियास', म्हणजे 'आभारी आहे', म्हटलं की संपलं, आता तुमच्या हातचं नको. यानिना नेहमी शेवटपर्यंत बसायची. "तुमच्या हातचं कडूही गोड लागतं, दोन्या नेलिदा," असं आदराने म्हणायची.

आज ती आपल्या टेबलावरची केबल बोटांतून ओढत होती. एका जागी बोट अडलं. गाठ सुटली होती, पण पीळ गेला नव्हता. यानिनाने नेलिदाकडे पाहिलं. मग त्याच जागी गाठ मारली आणि केबल तिच्यापुढे ठेवली.

नेलिदाने तुंबा भरून पुढे केला. थोडं पाणी सांडलं.

"नेलिदा, चल गं!" बाहेरून ओविदिओची हाक आली.

यानिनाने तुंबा तळापर्यंत संपवला आणि परत दिला.

"ग्रासियास, दोन्या नेलिदा."